आयएसएल २०२०-२१, गोव्यातल्या रिकाम्या स्टेडियममधला हंगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर मडगावचं, नोकरी मुंबईची. कोविडमुळे ऑफिस बंद पडलं तेव्हा मी घरी परतलो आणि इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगचा तो अख्खा हंगाम घरूनच पाहिला. संध्याकाळी गच्चीवर गेलं की फातोर्डा स्टेडियमचे दिवे पेटलेले दिसायचे. आत जायला मात्र कुणालाच परवानगी नव्हती. त्या वर्षी मुंबई सिटीने साखळीची लीग शिल्ड आणि बाद फेरीचा करंडक दोन्ही जिंकले, तेही आमच्या गोव्यात आणि वाटेत एफसी गोवाला घरी पाठवून. तेव्हापासून मुंबईचे आणि गोव्याचे मित्र त्या हंगामाबद्दल मला तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

हंगाम कधी सुरू झाला, कधी संपला? किती संघ होते?

२० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१. संघ ११. साखळीत प्रत्येकाचे २० सामने, म्हणजे एकूण ११०. त्यानंतर दोन लेगची (प्रत्येक जोडीचे दोन सामने) उपांत्य फेरी आणि फातोर्ड्यावर अंतिम सामना. पहिला सामना बांबोळीला झाला. एटीके मोहन बागानने केरला ब्लास्टर्सला १-० ने हरवलं, गोल रॉय कृष्णाचा.

आयएसएल ही देशाची अव्वल लीग कधीपासून? आय-लीग होती ना?

होती, आणि माझ्या पिढीच्या गोंयकारांसाठी तीच खरी लीग होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने (एएफसी) भारतासाठीचा आराखडा मंजूर केला आणि २०१९-२० पासून आयएसएल पहिल्या क्रमांकाची लीग ठरली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगचा रस्ता तेव्हापासून इथून जायला लागला.

जुन्या लीगबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मुंबई आणि गोव्याचं नातं त्यातून कळतं. २००४-०५ ते २०१२-१३ या ९ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद ८ वेळा गोव्यात आलं. धेंपो ५ वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. मधलं एकच साल सुटलं, २००५-०६. ते महिंद्रा युनायटेडने मुंबईला नेलं. पुढे महिंद्राने संघच बंद केला. त्यामुळे २०२१ मध्ये मुंबई सिटी पहिली आली, तेव्हा देशाच्या मुख्य लीगचं विजेतेपद मुंबईत १५ वर्षांनी परत आलं होतं. बातम्यांत याचा उल्लेख फारसा झाला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

सगळे सामने गोव्यातच का घेतले?

विमानप्रवास, हॉटेलं बदलणं, प्रत्येक राज्याचे विलगीकरणाचे वेगळे नियम, हे सगळं टाळायचं होतं. गोव्यात तीन मैदानं एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत : मडगावजवळचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी ॲथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान. शिवाय पर्यटक नसल्यामुळे हॉटेलं रिकामी होती. संघांनी ती अख्खीच घेतली आणि खेळाडू त्यांच्याबाहेर फक्त सरावाला आणि सामन्याला पडायचे. आधीच्या हंगामाचा अंतिम सामनाही, १४ मार्च २०२० ला, फातोर्ड्यावरच प्रेक्षकांविना झाला होता. म्हणजे लागोपाठ दोन अंतिम सामने आमच्या दारात झाले आणि दोन्ही आम्ही टीव्हीवर पाहिले.

बांबोळीच्या मैदानाचं वेगळं सांगतो. ते गोमेकॉच्या शेजारी आहे. गोवा मेडिकल कॉलेजला आम्ही गोमेकॉच म्हणतो. माझा एक चुलतभाऊ तिथे रात्रपाळी करायचा. कोविड वॉर्डात शिरण्याआधी तो पार्किंगमध्ये दोन मिनिटं थांबायचा आणि पलीकडून येणारा शिट्टीचा आवाज ऐकायचा. ‘कोण जिंकतंय’ एवढाच मेसेज यायचा, आणि मी उत्तर पाठवेपर्यंत त्याने पीपीई किट चढवलेला असायचा. त्या हंगामाची आठवण काढली की मला आधी हे आठवतं, गोल नंतर.

प्रेक्षक नसताना खेळ कसा वाटायचा?

टीव्हीवर गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचे आणि मैदानाकडेच्या मोठ्या पडद्यावर घरबसल्या चाहत्यांचे चेहरे दाखवायचे. मी आवाज कमी करून पाहायचो. मग खाली दुसरंच काही ऐकू यायचं : अमरिंदर सिंग गोलमधून बचावफळीला ओरडून जागा सांगतोय, डगआउटमधून स्पॅनिशमध्ये सूचना येताहेत, चेंडू खांबाला लागल्याचा धातूचा ठणका. फुटबॉलमध्ये खेळाडू एकमेकांशी किती बोलतात हे मला त्या हंगामात कळलं.

खेळावरही परिणाम झालाच. घरचं मैदान फक्त कागदावर होतं. मुंबई सिटीचं ‘घर’ अंधेरीऐवजी बांबोळी. कोची किंवा कोलकात्याच्या गर्दीपुढे पाहुण्या संघाचे पाय जसे जड होतात, तसं इथे कुणाचं व्हायचं नाही.

लीग शिल्ड वेगळी आणि करंडक वेगळा? मोठं काय?

साखळीत पहिला येणाऱ्याला लीग विनर्स शिल्ड. त्यानंतर तेव्हा पहिले चार संघ बाद फेरी खेळायचे आणि तिथला विजेता करंडक न्यायचा. शिल्ड २०१९-२० पासून सुरू झाली, पहिली एफसी गोवाने घेतली. २०२०-२१ मध्ये दोन्ही एकाच हंगामात जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला संघ ठरला.

मोठं काय, तर माझ्या मते शिल्ड. २० सामने, तीन महिन्यांहून जास्त काळ, दुखापती, निलंबनं, आणि त्या वर्षी तर हॉटेलच्या खोलीतला एकटेपणाही. एवढ्यातून वर राहणं नशिबाने होत नाही. अंतिम सामना ही एका रात्रीची गोष्ट. आपल्याकडे अजूनही फायनल जिंकणाऱ्यालाच चॅम्पियन म्हणतात आणि शिल्ड कोणी घेतली हे विचारावं लागतं. हे बदललं पाहिजे.

मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान, दोघांचे ४० गुण. मग मुंबई पहिली कशी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. दोघांचेही १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव. गुण समान झाले तर नियम आधी आपसातल्या सामन्यांकडे पाहतो, आणि तिथे मुंबईने दोन्ही जिंकले होते. ११ जानेवारीला १-० (गोल मुंबईचा आघाडीवीर ओगबेचेचा), २८ फेब्रुवारीला २-०. गोलफरकातही मुंबईच पुढे होती, +१७ विरुद्ध +१३, पण तिथपर्यंत जायची वेळ आली नाही.

नियम कळला की २८ फेब्रुवारी काय होता ते कळतं. साखळीचा शेवटचा दिवस, बांबोळी. त्या संध्याकाळी एटीके मोहन बागान ४० गुणांवर, मुंबई ३७ वर. कोलकात्याच्या संघाला बरोबरी पुरेशी होती. हबाससारखा प्रशिक्षक, त्याची घट्ट बचावफळी, आणि बरोबरी पुरेशी! हबासच्या संघांना असा सामना आवडतो. ७ व्या मिनिटाला मुंबईच्या जाहूची फ्री किक आली आणि मुर्तदा फॉलने सगळ्यांच्या वर उडी घेऊन हेडर मारला. ३९ व्या मिनिटाला हर्नान सांतानाची फ्री किक आडव्या खांबाला लागून परतली आणि ओगबेचेने ती डोक्यानेच आत ढकलली. दोन्ही गोल स्थिर चेंडूवरून, दोन्ही हेडर. पासिंगसाठी ओळखल्या जाणाऱ्या संघाने लीग हवेतल्या चेंडूंवर जिंकली.

हंगामाची खरी फायनल मी यालाच मानतो.

मुंबईचा संघ एवढा चांगला झाला कसा? आधी तर फारसं काही जिंकत नव्हता.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधला ६५ टक्के हिस्सा घेतला, मँचेस्टर सिटी ज्यांची तेच. पैसा आणि यंत्रणा तिथून आली. पण संघाला वळण लागलं ते सर्जिओ लोबेरामुळे. लोबेरा एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. ३१ जानेवारी २०२० ला, संघ साखळीत वर असताना, त्याला काढलं गेलं. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडाने हाताळले आणि गोव्याने पहिली शिल्ड जिंकली. लोबेरा मुंबईत आला आणि त्याच्या पाठोपाठ गोव्याच्या संघाचा कणाच निघाला : मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मंदार राव देसाई.

मडगावात त्या उन्हाळ्यात याबद्दल फार कडवट बोललं गेलं. मी लोबेराला दोष देत नाही. ज्या प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर काढलं, त्याने आपल्या विश्वासाची माणसं सोबत नेली तर त्यात दगाफटका कसला?

मैदानावर सगळं जाहूपासून सुरू व्हायचं. तो दोन मध्यवर्ती बचावपटूंच्या मध्ये खाली यायचा आणि तिथून पन्नास-साठ मीटरचा चेंडू थेट विंगवर टाकायचा. प्रतिस्पर्धी पुढे येऊन दाबायला लागले की मागे मोकळी झालेली जागा बुमूस खायचा. पहिल्याच सामन्यात, २१ नोव्हेंबरला नॉर्थईस्टविरुद्ध, जाहूला पूर्वार्धात लाल कार्ड मिळालं आणि मुंबई १-० ने हरली. तो मैदानाबाहेर गेला की संघ किती बदलतो, हे पहिल्याच दिवशी दिसलं. त्यानंतर मुंबई सलग १२ सामने हरली नाही.

मग फेब्रुवारीत काय बिनसलं?

थकवा, आणि प्रतिस्पर्ध्यांनी अभ्यास केला. ३० जानेवारीला नॉर्थईस्टने पुन्हा हरवलं, २-१. १५ फेब्रुवारीला बंगळूरुने ४-२, त्यात सुनील छेत्रीचे दोन. २० फेब्रुवारीला जमशेदपूरने २-०. सगळ्यांनी तोच उपाय केला : जाहूला वळायला वेळ द्यायचा नाही, मागच्या पासवर धावून जायचं. शिल्ड हातची गेली असं त्या आठवड्यात मलाही वाटलं होतं. मग २४ तारखेला ओडिशाचा ६-१ ने पाडाव झाला, बिपिन सिंगने हॅट्ट्रिक केली, आणि चार दिवसांनी ती बांबोळीची रात्र.

मुंबई सिटीत आपली माणसं कोण होती?

मुंबईचा म्हणाल तर उजव्या बगलेचा अमेय रानवडे. गोव्याचे दोघे महत्त्वाचे. म्हापशाचा मंदार राव देसाई मूळचा डाव्या विंगचा, लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केलं आणि तिथेच तो रुजला. एफसी गोवाचा कर्णधार राहिलेला हा माणूस. तो मुंबईच्या निळ्या जर्सीत उतरला तेव्हा आमच्या घरात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. नुव्याचा रॉलिन बोर्जिस मधल्या फळीत, त्याच्या बाजूला रेनियर फर्नांडिस.

मराठी वाचकांना आणखी एक नाव सांगायला हवं, ते मुंबईच्या विरुद्ध बाजूला होतं. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

खालिद जमीलचं एवढं कौतुक का होतं?

नॉर्थईस्ट युनायटेडने जानेवारीत आपल्या परदेशी प्रशिक्षकाला निरोप दिला आणि सहायक खालिद जमीलकडे तात्पुरती सूत्रं दिली. संघ तेव्हा गुणतक्त्यात मधोमध रुतला होता. त्यानंतर साखळीत तो एकही सामना हरला नाही. एटीके मोहन बागानला हरवलं, मुंबईला हरवलं, तिसरा क्रमांक घेतला. भारतीय प्रशिक्षकाने आयएसएलच्या बाद फेरीत संघ नेण्याची ती पहिलीच वेळ.

मुंबईच्या फुटबॉलमध्ये जमील हे घरचं नाव आहे. तो महिंद्राकडून, एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं पहिल्या श्रेणीत टिकवून ठेवलं आणि २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. एवढं करूनही आयएसएलमध्ये संधी आली ती ‘तात्पुरती’ या शब्दासकट. भारतीय प्रशिक्षकांकडे क्लब कसे पाहत होते हे त्या एका शब्दात आहे. पुढे २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

उपांत्य फेरीत एफसी गोवा नेमकी कशी हरली? बाहेरच्या गोलांचा नियम नव्हता का?

नव्हता. असता तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे गोल जास्त मोलाचे ठरून पेनल्टीची वेळच आली नसती. ५ मार्चला फातोर्ड्यावर, गोव्याच्या ‘घरी’, २-२ झाले होते. आंगुलोच्या पेनल्टीवर गोवा पुढे गेली, बुमूसने बरोबरी केली, सेवियर गामाने लांबून सुंदर गोल केला आणि दोनच मिनिटांत फॉलने पुन्हा बरोबरी साधली. ८ मार्चला बांबोळीला ९० मिनिटं आणि जादा वेळ संपूनही ०-०.

जादा वेळ संपत आला आणि दोन्ही प्रशिक्षकांनी एकच गोष्ट केली : शूटआउटसाठी गोलरक्षक बदलले. गोव्याचा धीरज बाहेर, नवीन कुमार आत. मुंबईचा कर्णधार अमरिंदर बाहेर, सिक्कीमचा फुर्बा लाचेन्पा आत. अमरिंदर हातमोजे काढत फुर्बाच्या कानाशी काहीतरी बोलला आणि बाकावर जाऊन उभा राहिला, बसला नाही. आमच्या घरी बाबा देवघरासमोर जाऊन उभे राहिले, तेही बसले नाहीत.

पाच-पाच किक संपल्या, निकाल नाही. मग सडन डेथ, म्हणजे एकाने चुकवली आणि दुसऱ्याने मारली की संपलं. गोव्याच्या ग्लॅन मार्टिन्सची किक चुकली. पुढची किक मारायला रॉलिन बोर्जिस आला. म्हणजे आता गोव्याच्या मुलाने चुकवलेली किक, आणि गोव्याच्याच मुलाने ती गोव्याविरुद्ध आत मारायची. त्याने मारली. ६-५. तो धावत सुटला, ग्लॅन तिथेच गुडघ्यांवर बसला. एफसी गोवा साखळीतल्या शेवटच्या १३ सामन्यांत हरली नव्हती आणि या दोन सामन्यांतही खुल्या खेळात हरली नाही. हे दुःख मला सोडत नाही.

बाबा म्हणाले, ‘भुरगो आपलोच’ (मुलगा आपलाच), आणि टीव्ही बंद केला.

गोव्याने १० सामने बरोबरीत का सोडले?

नव्याने बांधलेला संघ होता. हुआन फेर्रांदोच्या हाताखाली चेंडू ताब्यात ठेवणं जमायचं, सामना संपवणं जमायचं नाही. ७ विजय, १० बरोबरी, ३ पराभव, ३१ गुण, चौथा क्रमांक. हैदराबादला २९. शेवटच्या दिवशी हे दोघे समोरासमोर आले, ०-० झालं आणि तेवढ्यावर गोवा पुढे गेली.

अंतिम सामन्यात निर्णायक गोल कोणाच्या चुकीमुळे झाला?

चूक एटीके मोहन बागानच्या गोलरक्षकाची, अरिंदम भट्टाचार्यची, पण ओगबेचेने ती करायला लावली. १३ मार्चला १८ व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने एटीके मोहन बागानला पुढे नेलं. तो गोल मुंबईच्या मागे पासिंग करण्याच्या हट्टातून आला, जाहूकडून चेंडू हिसकावून. २९ व्या मिनिटाला जाहूनेच मागून लांब चेंडू टाकला, बिपिनला अडवायला धावलेल्या तिरीने डोकं लावलं आणि चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये गेला. १-१.

मग ९० वं मिनिट. लांब चेंडू उंच आला, अरिंदम गोल सोडून बाहेर धावला, ओगबेचे त्याच्या अंगावर गेला. चेंडू अरिंदमच्या हातून निसटला. ओगबेचेने स्वतः मारायची घाई केली नाही, आत बिपिनकडे दिला. मणिपूरच्या बिपिनने रिकाम्या जाळ्यात मारला आणि जर्सी डोक्यावरून काढत कोपऱ्याकडे पळाला. २-१. गोल्डन ग्लोव्ह त्याच रात्री अरिंदमला मिळाला, कारण हंगामभर तो सर्वोत्तम गोलरक्षक होता. तो हातमोजा घ्यायला जातानाचा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

अमेय रानवडेला अंतिम सामन्यात काय झालं होतं?

पूर्वार्धाच्या अखेरीस टक्कर होऊन तो मैदानावर कोसळला. डोक्याला मार होता. ॲम्ब्युलन्स थेट मैदानात आली आणि त्याला रुग्णालयात नेलं. त्याच्या जागी मोहम्मद रकीप आला. रिकाम्या स्टेडियममध्ये आवाजच नव्हता, दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याभोवती रिंगण करून उभे होते आणि समालोचकही गप्प झाले. अमेय बरा झाला, पुढे खेळत राहिला. मुंबईच्या मुलाचं मुंबईच्या पहिल्या करंडकाच्या रात्री मैदानावर नसणं मात्र चुटपुट लावून गेलं.

सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट कोणाला? आंगुलो आणि रॉय कृष्णा दोघांचेही १४ गोल ना?

हो. आंगुलोने ते कमी मिनिटांत केले म्हणून बूट त्याचा. रॉय कृष्णाला हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल. मला विचाराल तर न्याय झाला. आंगुलो पेनल्टी बॉक्समधला शिकारी होता, रॉय कृष्णा एकटा अख्खी आघाडी वाहायचा.

कोलकाता डर्बी आयएसएलमध्ये पहिल्यांदा याच हंगामात झाली का?

हो, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या संघांमधली ही लढत याच हंगामात, २७ नोव्हेंबर २०२० ला, वास्कोच्या टिळक मैदानावर. ईस्ट बंगालला सप्टेंबरमध्ये प्रवेश मिळाला आणि मोहन बागानचं एटीकेशी एकत्रीकरण झालं होतं. शंभर वर्षांची डर्बी, आणि समुद्राकाठच्या एका छोट्या मैदानात, एकही माणूस न पाहता. एटीके मोहन बागानने २-० ने जिंकली, रॉय कृष्णा आणि मनवीर सिंग. फेब्रुवारीत फातोर्ड्यावर पुन्हा ३-१. ईस्ट बंगालचा प्रशिक्षक होता लिव्हरपूलचा रॉबी फाउलर. संघ उशिरा जमला, नववा आला.

शेवटचा आलेला संघ खाली का गेला नाही?

तेव्हा आयएसएलमध्ये पदावनती नव्हती. ओडिशा १२ गुणांसह अकरावी आली आणि पुढच्या हंगामात तिथेच होती. पदावनती नसली की फेब्रुवारीतले निम्मे सामने निरर्थक होतात. माझं मत पक्कं आहे : ती हवीच.

परदेशी खेळाडू किती चालायचे? बदली किती?

मैदानावर एका वेळी ५ परदेशी. पुढच्या हंगामापासून ४ झाले, आणि भारतीय खेळाडूंसाठी ते चांगलंच झालं. बदली ५, कोविडमुळे वाढवलेले.

शिल्ड जिंकून मुंबईला मिळालं काय?

२०२२ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा. त्याआधी, एप्रिल २०२१ मध्ये, आधीची शिल्ड जिंकलेली एफसी गोवा तिथे खेळली होती, गटफेरी गाठणारा पहिला भारतीय क्लब म्हणून, आणि सामने पुन्हा फातोर्ड्यावर, पुन्हा बंद दारांआड. लोराँ ब्लांच्या अल रय्यानला त्यांनी ०-० रोखलं, आणि इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला गोल केला.

मुंबई रियाधला गेली. तोवर लोबेरा, बुमूस आणि अमरिंदर संघ सोडून गेले होते. ११ एप्रिल २०२२ ला इराकच्या अल कुवा अल जविया संघाविरुद्ध मुंबई आधी ०-१ ने मागे पडली. दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली. मग जाहूने कॉर्नर घेतला आणि राहुल भेकेने हेडर मारला. २-१. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि निर्णायक गोल मुंबईच्या मराठी मुलाचा.

पूर्ण हंगाम पाहायला वेळ नाही. एकच सामना सुचवा.

८ फेब्रुवारी २०२१, मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा, बांबोळी, ३-३. मुंबई २-० ने पुढे होती. ग्लॅन मार्टिन्सने लांबून एक परत केला, आंगुलोने दुसरा. ९० व्या मिनिटाला रॉलिनने मुंबईला पुन्हा पुढे नेलं. भरपाई वेळही संपत आला असताना उशिरा उतरलेल्या इशान पंडिताने बरोबरी केली. रॉलिन आणि ग्लॅन दोघांनी त्या दिवशी गोल केले होते. बरोबर एक महिन्याने, त्याच मैदानावर, ते दोघे पेनल्टीच्या ठिपक्यापाशी एकामागून एक आले. तो सामना आधी पाहा, मग ८ मार्चचा शूटआउट.